मामांचा खोकला

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शून्य देत आलेल्या सरांना त्या दिवशी सकाळी, त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, समोरचा चहा निवायच्या आत शून्य मिळालं. तेही गणितात.

देणारी मुलगी वयाने त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींएवढी असेल. सरांच्या रविवारच्या वर्गाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेने तिला मूल्यमापनासाठी पाठवलं होतं. गेले काही महिने ती कारखान्यामागच्या वसाहतीत घरोघर हिंडत होती, कोण शिकलं, किती शिकलं, कुठे पोचलं ते विचारत होती. सरांनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं, अर्थात तिच्या माघारी.

"सर, रागावू नका," मोजणीबाई म्हणाली, "तुमच्या वर्गातल्या दर दहा मुलांमधली सात विद्यापीठापर्यंत पोचली."

"सात!" सर खुर्चीत ताठ झाले. "अगं, त्या वसाहतीत विद्यापीठ म्हणजे बसचा शेवटचा थांबा, एवढंच लोकांना माहीत होतं. तिथली सात! आणि यात रागावण्यासारखं काय आहे?"

"ज्यांची चिठ्ठी निघाली नव्हती ना, जी वर्गात बसलीच नाहीत, त्यांच्यातलीही दहातली सात पोचली."

सरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"सातातून सात गेले..." मोजणीबाई हळूच म्हणाली.

"वजाबाकी येते मला," सर म्हणाले.

त्याच वेळी बिस्किटांची बशी घेऊन दारात आलेल्या काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, दूध उतू जात असल्याची आठवण झाली आणि त्या आल्या पावली परत फिरल्या. गॅसवर दूध नव्हतं. पण सरांचं तिकडे लक्ष असण्याचं कारण नव्हतं. ते शून्याकडे बघत होते.

चिठ्ठ्यांचं प्रकरण असं होतं. वर्ग सुरू झाला तेव्हा सरांचे केस काळे होते आणि वसाहतीतल्या लाँड्रीच्या वरची एकच खोली मिळाली होती. मुलं बाकांपेक्षा कितीतरी जास्त यायची. संस्थेने सांगितलं, निवड चिठ्ठ्या टाकून करा, म्हणजे कुणावर अन्याय नको. आणि ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांना वर्गातून काहीही मिळता कामा नये, ना शिकवणी, ना पुस्तक. म्हणजे पुढे कधीतरी दोघांची तुलना करता येईल आणि वर्गाचा खरोखर उपयोग होतो का ते कळेल. सर गणिताचे. त्यांना ते तत्त्व मनापासून पटलं होतं. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची, याहून स्वच्छ काय असणार? त्यांनी शब्द दिला. आणि सरांचा शब्द म्हणजे, स्वतःच्या मुलाला एका मार्कासाठी नापास करणाऱ्या माणसाचा शब्द होता.

पटलेलं तत्त्व दर वर्षी पाळणं मात्र निराळं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या असायच्या. सर एकेक काढून नाव वाचायचे. डबा बाजूला ठेवला की ज्यांची नावं राहिली ती मुलं उठायची आणि लाकडी जिना उतरायला लागायची. तेवढा वेळ सर वर्गाकडे पाठ करून फळा पुसत उभे राहायचे. फळ्यावर तेव्हा काही लिहिलेलंच नसायचं. शेवटचं पाऊल वाजेपर्यंत ते कोरा फळा पुसायचे आणि मग घसा साफ करून म्हणायचे, "हं. समीकरणं." इतक्या वर्षांत तो जिना त्यांना कधी सवयीचा झाला नाही.

आणि आता ही पोरगी सांगत होती की ते सगळं फुकट गेलं. जिना उतरलेली मुलंसुद्धा तेवढीच पोचली.

"महिनाअखेरीला संस्थेची बैठक आहे," मोजणीबाई उठताना म्हणाली. "फरक दिसला नाही तर वर्ग पुढे चालू ठेवणार नाहीत. मला खूप वाईट वाटतंय सर. तुमच्याकडे याचं काही स्पष्टीकरण असेल तर सांगा. मी तोवर थांबते."

सरांकडे स्पष्टीकरण नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी काकूंकडे मन मोकळं केलं. "म्हणजे मी नसतो तरी चाललं असतं. इतके रविवार मी नुसता खडू झिजवला."

"असं बोलू नये," काकू म्हणाल्या आणि त्यांनी घाईघाईने विषय बदलला. एरवी त्या असं कधीच करत नसत. इतकी वर्षं सर वर्गावरून आले की जेवताना त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "आज काय शिकवलंत हो?" आणि सर टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्रिकोण काढत सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून सांगत. काकू शंका विचारत. कधी कधी इतक्या साध्या शंका असत की सरांना हसू येई, पण तिसऱ्यांदा विचारलं तरी ते रागवत नसत. आपल्या बायकोला बीजगणिताची इतकी गोडी आहे, हे ते मित्रांना अभिमानाने सांगत.

दोन दिवस अन्न गोड न लागल्यावर सरांनी ठरवलं, स्वतःच जाऊन विचारायचं. चिठ्ठी न निघालेल्यांपैकी एक मुलगी त्यांना नेमकी आठवत होती. दोन वर्षं ओळीने तिचं नाव डब्यातच राहिलं होतं. जिना उतरताना रडली नव्हती, म्हणून लक्षात राहिली होती. ती आता दातांची डॉक्टर होती आणि चौकात तिचा दवाखाना होता. पण तिला विचारायचं तरी कसं? मी तुला हाकललं होतं, तरी तू पुढे कशी गेलीस? हे काही कुणाच्या तोंडावर विचारण्यासारखं नव्हतं. तेव्हा बुधवारी दुपारी सर दाढदुखी घेऊन गेले. दाढ अर्थातच दुखत नव्हती.

"सर! तुम्ही? माझ्याकडे?" डॉक्टरीणबाई उठून उभीच राहिली. "बसा, बसा. कुठली दाढ?"

"ही... साधारण मागची."

"बघू. अरे बाप रे! सर, ही तर पार पोखरलीय. तुम्ही सहन कसं करत होता?"

सर घाबरले. "नाही, म्हणजे, तशी काही फार..."

"तुम्ही पहिल्यापासून सोशिकच," असं म्हणून तिने सुई टोचली, गालात कापसाचे बोळे कोंबले, ओठाला नळी अडकवली, आणि आता समोरचा माणूस अर्धा तास बोलू शकणार नाही याची खात्री झाल्यावर गप्पांना सुरुवात केली.

"काकूंना सांगा हं, मी आठवण काढली म्हणून. काकू नसत्या तर मी आज या खुर्चीशी झाडू घेऊन उभी असते. अजून चालतो ना हो त्यांचा विणकामाचा वर्ग?"

विणकामाचा वर्ग सरांना माहीत होता. दर बुधवारी संध्याकाळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत काकू वसाहतीतल्या मुलांना विणकाम शिकवत. ज्यांचं गणित राहिलं त्यांच्या हाताला निदान सुया तरी लागल्या, म्हणून सरांना त्याचं कौतुक होतं. मुलगेसुद्धा येतात याचं तर जास्तच.

"काय दिवस होते!" डॉक्टरीणबाई आरसा फिरवत म्हणाली. "इस्त्रीच्या टेबलाभोवती आम्ही सगळी. लाँड्रीवाल्या मामांच्या इस्त्रीची वाफ, साबणाचा वास, आणि थंडीत तर ते टेबल असं छान ऊबदार असायचं, मी पुस्तक त्याच्यावर ठेवून गाल टेकायची. त्या टेबलावर काकू खडूने समीकरणं लिहायच्या. पुसायला ओलं फडकं हाताशीच. खरं सांगू सर, विणकामातला एक टाका मला अजून येत नाही. पण समीकरणं! झोपेतून उठवून विचारा."

"आँ?" सर म्हणाले.

"हां, असाच मोठा आ ठेवा."

सरांनी तो ठेवला, कारण मिटणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

"तुम्ही काकूंना न्यायला येताना दिसलात की मामा बाहेरून खोकायचे. की लगेच टेबल पुसून आम्ही सुया हातात! तुम्ही पडद्यातून डोकावून म्हणायचात, छान, चालू द्या. आणि मामांना म्हणायचात, तुमचा खोकला बरा नाही, औषध आणून देतो. आणि खरंच आणायचात! आमची हसता हसता पुरेवाट व्हायची. पण सर, नंतर मोठं झाल्यावर कळलं. तुम्हाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. नियमापुढे तुमचा इलाज नव्हता म्हणून न बघितल्यासारखं करत होतात. एवढं मोठं मन कुणाचं असतं हो?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दुखतंय का?" असं विचारून तिने आणखी एक सुई टोचली.

दवाखान्यातून सर थेट लाँड्रीकडे निघाले. गाल सुजलेला, अर्धा ओठ संपावर गेलेला आणि डोक्यात वाफ. बुधवारची संध्याकाळ होती. लाँड्रीवाले मामा दारातच कपडे मोजत होते. सरांना बघताच इतक्या वर्षांच्या सवयीने ते जोरात खोकले. आतून खुर्च्या सरकल्याचा आणि सुया खाली पडल्याचा आवाज आला.

सरांनी पडदा बाजूला केला. इस्त्रीच्या टेबलाभोवती बसलेली मुलं मोठ्या तन्मयतेने विणत होती. एकाच्या सुया उलट्या होत्या, दोघींच्या सुयांवर लोकरच नव्हती. टेबल ओलं होतं आणि कोपऱ्यात घाईत पुसायचं राहिलेलं अर्धं समीकरण दिसत होतं. काकूंच्या हातात खडू होता.

सरांनी बोलायला तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते कुठल्याच भाषेत बसणारं नव्हतं.

"दाढ काढली वाटतं?" काकू म्हणाल्या. "म्हणजे तिनं सांगितलं सगळं. बसा. मुलांनो, जा आता घरी. उरलेली गणितं पुढच्या बुधवारी."

मुलं गेली. मामाही गेले असते, पण दुकान त्यांचंच होतं.

"पहिल्या वर्षी एका रविवारी मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते," काकू म्हणाल्या. संसारात पहिल्यांदाच त्यांना सलग बोलायला मिळत होतं. "ही तुमची डॉक्टरीणच खाली उभी होती. कंपासपेटी छातीशी धरून. मी विचारलं, घरी नाही का जायचं? तर म्हणते, वर आवाज ऐकू येतो का बघते. ऐकू येत नव्हता हो. मामांच्या यंत्राची घरघर. मग मामांनी यंत्र बंद केलं."

"अर्धा दिवस बंद ठेवलं," मामा म्हणाले. "चादरी तशाच राहिल्या."

"तरी ऐकू येईना. मग मी म्हटलं, वर काय शिकवलं ते मी विचारून ठेवते आणि तुला सांगते. ती दुसरीला घेऊन आली. दुसरी तिसऱ्याला."

सरांनी कसाबसा एक शब्द जुळवला. "बीजगणित?" त्यातला दुःखाचा सूर काकूंना बरोबर कळला.

"नाही हो. मला नाही आवडत बीजगणित. मला कधीच आवडलं नाही. पण तुम्ही सांगायला लागलात की तुमचा चेहरा असा काही उजळायचा, ते बघायला आवडायचं. आणि त्या शंका माझ्या नव्हत्या. मुलांच्या होत्या. तुम्ही मला तीनतीनदा सांगायचात ना न चिडता, तसंच मी इथे सांगायची. माझ्या शब्दांत तर एक अक्षर आलं नसतं."

सर टेबलाच्या कडेला बसले. टेबल अजून कोमट होतं.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. उच्चार अर्धेच झाले, पण इतक्या वर्षांच्या संसारात अर्ध्या उच्चारांवरही भागतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतंत. शब्द दिला होतात. आणि बंद करून आयुष्यभर झुरला असतात. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगितलं नाही."

यावर सरांना खूप बोलायचं होतं, पण ओठाचा बधिरपणा उतरेपर्यंत रागही उतरला. घरी जाताना दोघं चौकापर्यंत आले. मग सरांनी विचारलं, "मग मला तो एक स्वेटर दिला होतास, त्याची एक बाही लांब होती तो?"

"विकतचा होता. तुम्हाला संशय येऊ नये म्हणून मामांनी एक बाही ओढून लांब केली."

आता पेच असा पडला की गप्प बसावं तर वर्गाचा उपयोग शून्य म्हणून वर्ग बंद, आणि खरं सांगावं तर नियम मोडला म्हणून वर्ग बंद. दुसऱ्या कुणी यावर विचार केला असता. सरांनी फोन उचलला आणि मोजणीबाईला बोलावून घेतलं.

तिने सगळं ऐकलं. आधी तिचं तोंड उघडं राहिलं, मग तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हणजे माझा तुलना गट..."

"फितूर होता," सर म्हणाले.

"सर, असं करून कसं चालेल! मला या वसाहतीतलं कुणीतरी शोधायला हवं, ज्याला ना वरचं मिळालं ना खालचं. त्याशिवाय वर्गाने काय केलं ते कळणारच नाही."

मग सर आणि मोजणीबाई अडाण्याच्या शोधात निघाले. एक रिक्षावाला मिळाला, कुठल्याच वर्गाला न गेलेला. पण त्याच्या बहिणीने विणकामाच्या वर्गातून येऊन त्याला रोज रात्री बसवलं होतं, आणि तो रिक्षा चालवत चालवत बाहेरून पदवी घेत होता. किराणा दुकानातली मुलगी मिळाली, तिचा तर वर्गाशी काही संबंधच नव्हता. फक्त तिचं दुकान लाँड्रीला लागून होतं आणि मधली भिंत लाकडी फळ्यांची होती. ती आता त्याच दुकानात बसून विद्यापीठाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वसाहतीत जिकडे बघावं तिकडे लागण. चार दिवस हिंडून मोजणीबाईच्या चपलेचा अंगठा तुटला, पण निरोगी माणूस काही सापडला नाही.

"एक आहे," शेवटी सर खाली बघत म्हणाले. "पण तो आमच्या घरातला आहे."

सरांच्या चिरंजीवांनी गाडी शिकवायची शाळा काढली होती आणि ती जोरात चालत होती. दोघं गेले तेव्हा तो गाडीतच होता. त्यांना मागे बसवून तो म्हणाला, "विचारा. उत्तरं देता देता एक चक्कर मारू."

"तुम्ही बाबांच्या वर्गात का नव्हता?" मोजणीबाईने विचारलं.

"नातेवाइकांना घ्यायचं नाही, हा बाबांचा नियम."

"मग आईच्या?"

"मी बाबांना जाऊन सांगेन म्हणून आईनं घेतलं नाही. आणि मी सांगितलंच असतं." तो मोकळेपणाने हसला. "रविवारी बाबा वर, बुधवारी आई खाली. मी चौकातल्या गॅरेजमध्ये. अख्ख्या वसाहतीत गणित न शिकवलेला मी एकटा. मला तुमच्या अहवालात फोटोसकट टाका."

मागच्या सीटवर सर एकदम म्हातारे दिसायला लागले. मुलाने ते आरशात बघितलं असावं.

"अहो बाबा, चेहरा नका पाडू. मला गाड्याच आवडायच्या. तुम्ही शिकवलं असतंत तर एका मार्काने पुन्हा नापास केलं असतंत." त्याने गाडी वळवली. "पण बाई, एका माणसाचा काही गट होत नाही ना? तुम्ही असं करा, पुलापलीकडे जा. तिकडे दुसरी वसाहत आहे, अशीच, त्याच कारखान्याची. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडचीच आहेत. तिकडे ना बाबा पोचले ना आई."

मोजणीबाई पुलापलीकडे गेली. सगळं इकडच्यासारखंच होतं, त्याच पगाराचे बाप, तशीच घरं. चार दिवसांनी ती परत आली ती पळतच.

"सर! तिकडे दहातलं एक! एखाद्या गल्लीत तर एकही नाही! तुमचा वर्ग शून्य नव्हता, सर. तो वर्ग दोन मजली होता, आणि मी एका मजल्यातून दुसरा वजा करत होते."

सरांना आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. पण पुलापलीकडेही वर्ग काढू द्या, असं त्यांनी संस्थेला फार वर्षांपूर्वी विचारलं होतं. आधी इकडचा उपयोग मोजून होऊ दे, असं उत्तर आलं होतं. "तिकडची ती मुलं आता केवढी झाली असतील," एवढंच ते म्हणाले.

मोजणीबाईने अहवाल लिहिला. चिठ्ठ्या, नियम, काकू, मामा, पूल, काही लपवलं नाही. शेवटच्या पानावर तिने एक तक्ता टाकला. पहिल्या ओळीत गणिताचा वर्ग, दुसऱ्या ओळीत विणकामाचा वर्ग, पुढे दोघांचा खर्च आणि दोघांतून किती मुलं पोचली ते. संस्थेच्या बैठकीला सहा मोठी माणसं आली होती, आणि मोठी माणसं वाचतात तसं त्यांनी शेवटचं पान वाचलं.

बैठकीनंतर मोजणीबाई आली ती सरळ सोफ्यावर कोसळली.

"काकू, पाणी द्या. सर, तुमचा गणिताचा वर्ग बंद केला त्यांनी."

काकूंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला.

"आणि विणकामाचा वाढवला. त्यांचं म्हणणं, दोन्हींतून सारखीच मुलं विद्यापीठात जातात, मग खर्चाचं गणित कशाला चालवायचं? विणकामाला नुसती लोकर लागते. वरची खोलीही विणकामालाच दिलीय. पुलापलीकडेही विणकामच सुरू करायचंय."

"अगं, पण तू समजावलं नाहीस?"

"दोनदा समजावलं! अध्यक्ष म्हणाले, हातांना वळण लागलं की डोक्यालाही लागतं, यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता."

सरांनी रीतसर खुलासा लिहून पाठवला, विणकामाच्या वर्गात विणकाम अजिबात शिकवलं जात नाही म्हणून. उत्तरात संस्थेने त्यांच्या विनयाचं कौतुक केलं आणि लोकरीची आणखी दोन खोकी पाठवली. पुढे असंही होतं की संस्थेचे लोक अधूनमधून वर्ग बघायला येतील. दिलेला शब्द सरांनी असा शेवटपर्यंत पाळला, आणि गणिताचा वर्गच बंद झाल्यावर शब्दानेच आता त्यांना सोडून दिलं.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा सर सवयीने बिस्किटांचा डबा काखेत घेऊनच लाँड्रीचा जिना चढले. वर खोली भरली होती. जिन्यावर मुलं होती, खाली इस्त्रीच्या टेबलाभोवती मुलं होती. पुलापलीकडची काही चिरंजीवांच्या गाडीतून आली होती, तिकडचा वर्ग त्याच्याच शाळेच्या खोलीत सुरू होईपर्यंत.

"डबा कशाला आणलात?" काकूंनी विचारलं.

"चिठ्ठ्या."

"विणकामाला चिठ्ठ्यांचा नियम नाही. लोकर सगळ्यांना पुरेल एवढी आहे."

सर डबा हातात घेऊन उभे राहिले. मग सवयीने फळ्याकडे वळून त्यांनी फळा पुसायला घेतला. पुसता पुसता ते कान देऊन ऐकत होते. जिना वाजत होता, पण पावलं वर येत होती. एकही पाऊल उतरत नव्हतं. सरांनी फळा जरा जास्तच वेळ पुसला आणि मग ते वळले. "हं," ते म्हणाले. "समीकरणं. तिकडे मागे, सरकून बसा, अजून दोघं मावतील."

अडचण एकच होती. संस्थेचे लोक आले तर निदान एक माणूस तरी खरोखर विणताना दिसायला हवा होता, आणि वसाहतीत, काकूंसकट, विणकाम कुणालाच येत नव्हतं. लोकरीच्या खोक्यात एक पुस्तिका निघाली. सरांनी ती उघडली. दोन सुलटे, दोन उलटे, दर चौथ्या ओळीला एक टाका कमी. त्यांचे डोळे चमकले. "अगं, ही तर सरळ क्रमिका आहे!" त्यानंतर ते असे काही विणायला लागले की जेवायला उठेनात. आता जेवताना विचारायची पाळी काकूंची राहिली नव्हती. सरच विचारायचे, "खालच्या पोरांच्या काय शंका होत्या आज?" आणि काकू सांगायच्या. खालचा मजला अजूनही त्यांचाच होता.

एका बुधवारी काकूंनी बोलावलं म्हणून सर खाली टेबलावर वर्तुळ समजावत असताना दाराशी मामा खोकले.

एका क्षणात टेबल पुसलं गेलं, पुस्तकं लोकरीखाली गेली आणि सगळ्यांच्या हातात सुया आल्या. एका दाढेखेरीज आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या सरांनी खडू खिशात टाकला, अर्धी बाही मांडीवर ओढली आणि ओठ हलवत टाके मोजायला सुरुवात केली. मामा पुन्हा खोकले. काकूंनी पदर सारखा केला. मामा तिसऱ्यांदा खोकले, चांगले दमदार. मुलांनी श्वास रोखले. कुणी आत येईना.

शेवटी पडदा हलला आणि मामांचं डोकं आत आलं. डोळे पाणावलेले, नाक लाल.

"सर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती औषधाची बाटली आहे का हो अजून? आज खरंच झालाय."